किशोरवयीन मुलासाठी मानसिक आरोग्याची मदत: कुठे, कोणत्या क्रमाने, काय तयारी करून

मुलाचं काहीतरी बिनसलंय हे घरात सगळ्यांना दिसत असतं. मग शोध सुरू होतो तो ‘चांगल्या डॉक्टर’चा. कोणीतरी नाव सुचवतं, अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची मिळते, आणि तोवर घर नुसतं वाट बघत बसतं. कधी याच्या उलट होतं. परीक्षेच्या ताणाने रडणाऱ्या मुलीला घाबरून रात्रीच मोठ्या रुग्णालयात नेतात, तिथे ती पहाटेपर्यंत बाकावर बसून राहते आणि नंतर कुठेच यायला तयार होत नाही. दोन्हीकडे चूक एकच: कोणाकडे जायचं हे आधी ठरवलं, किती घाई आहे हे ठरवलंच नाही.

पुढचा क्रम १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींच्या पालकांसाठी आहे. अठराच्या आतल्या वाचकांसाठी वेगळा भाग शेवटाकडे आहे.

आधी चार नंबर फोनमध्ये टाका

११२ हा देशभरचा आपत्कालीन नंबर. १०८ महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी. १४४१६ म्हणजे टेलि-मानस, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन; इथे मराठीत बोलता येतं, आणि हा नंबर लागला नाही तर १८००-८९१-४४१६ लावायचा. १०९८ ही अठरा वर्षांखालच्या मुलांसाठीची चाइल्डलाइन. चारही मोफत आणि चोवीस तास सुरू. आईबाबा, आजीआजोबा आणि मुलगा किंवा मुलगी, सगळ्यांच्याच फोनमध्ये हे नंबर हवेत.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या हेल्पलाइनच्या लांबलचक याद्यांवर विसंबू नका. त्यांत बंद पडलेले आणि ठरावीक वेळेतच चालणारे नंबर असतात, आणि ते रात्री दोन वाजता कळतं.

१. घाई किती, ते ठरवा

तीन गट करा आणि आपलं मूल कोणत्या गटात बसतं ते प्रामाणिकपणे बघा.

आत्ताच: मुलाने स्वतःला इजा केली आहे, काहीतरी गिळलं आहे, जीव देण्याची वेळ किंवा पद्धत ठरवल्याचं सांगितलं आहे, निरोपाची चिठ्ठी किंवा मेसेज सापडला आहे, किंवा ते स्वतःला वा दुसऱ्याला मारायच्या बेतात आहे. अचानक असंबद्ध बोलणं, माणसं न ओळखणं, त्यासोबत ताप किंवा फिट येणं हेही याच गटात. यामागे शरीराचा आजार असू शकतो. खाणं जवळपास बंद होऊन चक्कर येत असेल तर तेही इथेच.

एक-दोन दिवसांत: ‘मी नसतो तर बरं’ असं बोलणं, पण काही ठरवलेलं नाही. हातावर-मांडीवर कापल्याच्या जुन्या खुणा. कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असं ठामपणे वाटणं, आवाज ऐकू येणं. दोन-तीन रात्री न झोपताही अंगात प्रचंड उत्साह असणं. लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणं. अत्याचार करणारी व्यक्ती त्याच घरात असेल तर मात्र ‘आत्ताच’.

दोन-तीन आठवड्यांत: झोप, भूक, अभ्यास, मित्र यांत दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला बदल. शाळेला जायच्या वेळी रोज पोटदुखी. सततची चिडचिड. किशोरवयात उदासी पुष्कळदा रडण्यातून नाही तर चिडण्यातून दिसते, आणि घरचे तिला ‘आगाऊपणा’ समजतात.

*तपासा:* दोन गटांच्या मध्ये अडकलात तर वरचा धरा. आणि आज ठरवलेला गट उद्या बदलू शकतो. रोज नव्याने बघा.

२. थेट विचारा

ही पायरी बहुतेक पालक गाळतात. आत्महत्येबद्दल विचारलं तर मुलाच्या डोक्यात ती कल्पना शिरेल अशी भीती असते. तसं होत नाही. विचार आधीच असेल तर कोणीतरी विचारलं याने मुलाला सुटल्यासारखं वाटतं. नसेल तर ते सरळ ‘नाही’ म्हणतं आणि विषय संपतो.

वेळ निवडा. जेवताना, पाहुण्यांसमोर किंवा मार्कांवरून भांडण झाल्यावर विचारू नका. गाडीत शेजारी बसून किंवा एकत्र चालताना विचारणं सोपं जातं, कारण डोळ्यांत बघावं लागत नाही. आणि एकाच पालकाने विचारावं. दोघं समोर बसले की ती चौकशी वाटते.

शब्द साधे ठेवा. ‘गेले काही दिवस तू नीट झोपत नाहीयेस, मित्रांकडेही जात नाहीस. मला काळजी वाटतेय. खूप त्रास होतो तेव्हा जगूच नये असं वाटतं का कधी?’ उत्तर ‘हो’ आलं तर पुढे जा: ‘जीव द्यायचा असं मनात येतं का? कसं, कधी, याचा विचार केलायस का? या आधी कधी काही केलं होतंस का?’ पद्धत आणि वेळ ठरली असेल तर गट ‘आत्ताच’चा झाला, मूल कितीही शांतपणे बोलत असलं तरी. काही वेळा निर्णय झाल्यामुळेच शांतपणा आलेला असतो, म्हणून आठवड्यांच्या घालमेलीनंतर कारण नसताना आलेल्या शांततेवर विश्वास ठेवू नका.

‘नाही’ ऐकूनही मन मानत नसेल तर दोन दिवसांनी पुन्हा विचारा, किंवा ज्या मावशीशी, काकाशी, ताईशी मूल मोकळं बोलतं तिला विचारायला सांगा. इथे मान-अपमान आणू नये. मूल कोणाशी बोलतं याला महत्त्व नाही, बोलतं याला आहे.

नेहमीच्या चुका:
- ‘असलं बोलायचं नाही हं, माझ्या गळ्याची शपथ आहे.’ यानंतर मूल बोलायचं थांबतं, विचार थांबत नाही.
- ‘तुला काय कमी आहे?’ याला मुलाकडे उत्तर नसतं आणि अपराधीपणाची भर पडते.
- ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देणं. ते पाळता येणार नाही. त्याऐवजी म्हणा, ‘सगळ्यांना नाही सांगणार. पण तुला सुखरूप ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांना सांगेन, आणि आधी तुला विचारेन.’

३. धोका आत्ताचा असेल तर

क्रम असा. मुलाला एकटं सोडू नका, बाथरूमचं दार आतून बंद करू देऊ नका. दुसऱ्या कोणीतरी घरातली औषधं, कीटकनाशकं, धारदार वस्तू, दोऱ्या बाहेर न्याव्यात. कपाटात लपवणं पुरेसं नाही. गच्चीचा दरवाजा बंद करून किल्ली स्वतःकडे ठेवा. मग १०८ किंवा ११२ लावा, किंवा स्वतःच्या वाहनाने जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. गाडीत मुलाशेजारी, मागच्या सीटवर एक मोठा माणूस बसलेला हवा.

काही गिळलं असेल तर उलटी करवू नका; मीठ-पाणी वगैरे काही पाजू नका. बाटली किंवा गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत घ्या. ‘आता बरी दिसतेय, झोपू दे’ म्हणून घरी थांबणं हा सगळ्यात धोकादायक निर्णय. काही औषधांचा यकृतावरचा परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो आणि त्यावरच्या उपचाराची वेळ त्याआधीच निघून जाते.

अपघात विभागात काय झालं ते खरं सांगा. ‘चुकून औषध घेतलं’ किंवा ‘पाय घसरला’ असं सांगणारी घरं पुष्कळ आहेत, कारण पोलिसांची भीती असते. रुग्णालय एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची नोंद) करतं, पोलीस जबाब घ्यायला येऊ शकतात, हे खरं. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, वेगळं सिद्ध होत नाही तोवर, तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिच्यावर खटला चालवून शिक्षा करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेच्या कलम ३०९ सारखा (आत्महत्येच्या प्रयत्नाचा) सरसकट गुन्हाही राहिलेला नाही. आणि एमएलसीचे कागद पूर्ण होईपर्यंत उपचार अडवून ठेवता येत नाहीत; आधी जीव वाचवायचा हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केलं आहे. खोटं सांगितल्याचा तोटा मात्र नक्की होतो: मुलाला मानसोपचारतज्ज्ञ बघतच नाहीत आणि जखमेवर पट्टी लावून त्याला घरी पाठवलं जातं.

*सावध:* शरीर सावरलं म्हणजे घरी जायला मोकळे, असं नाही. ‘घरी सोडण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांनी बघावं’ असं तुम्हीच म्हणा. तिथे ते नसतील तर कुठे आणि किती वाजता जायचं हे केसपेपरवर लिहून घ्या.

४. हेल्पलाइनला फोन: आधी तयारी, मग बोलणं

फोन लावून ‘मुलगी ऐकत नाही हो’ एवढंच सांगितलं तर उत्तरही मोघमच मिळतं. फोनआधी एका कागदावर लिहा: मुलाचं वय, जिल्हा आणि तालुका, नेमकं काय बोललं किंवा केलं (त्याच्याच शब्दांत), ते आत्ता कुठे आहे, सोबत कोण आहे, आधी काही प्रयत्न झाला होता का, कोणती औषधं सुरू आहेत. शेवटी दोन प्रश्न लिहा: आज रात्री आम्ही काय करायचं? उद्या आमच्या जिल्ह्यात कुठे जायचं?

दुसरा प्रश्न विसरू नका. टेलि-मानसची रचना दोन टप्प्यांची आहे. आधी प्रशिक्षित समुपदेशक फोन घेतात. गरज असेल तर तज्ज्ञांकडे जोडून देतात किंवा जिल्ह्यातल्या सरकारी सेवेकडे पाठवतात. ही पुढची जोडणी मागितली तर होते, न मागता फोन ‘बरं वाटलं’वर संपू शकतो.

१०९८ कधी? मारहाण, लैंगिक छळ, घरातून निघून जाणं, बालविवाहाची जबरदस्ती, कामाला जुंपणं असं काही असेल तर. म्हणजे त्रास मुलाच्या मनात नसून त्याच्या अवतीभवती असेल तेव्हा. दोन्ही असेल तर दोन्हीकडे फोन करा. अभ्यास, परीक्षा, शाळा यांतून आलेल्या ताणासाठी शिक्षण मंत्रालयाची ‘मनोदर्पण’ सेवा आहे, नंबर ८४४८४४०६३२. पण ती रात्रीची सोय नाही.

फोन लागला नाही, मध्येच तुटला, किंवा समोरची व्यक्ती घाईत वाटली, तर ‘यांच्यात काही दम नाही’ म्हणून सोडून देऊ नका. पुन्हा लावा. दुसऱ्यांदा फोन दुसरीच व्यक्ती घेऊ शकते. धोका वाढत असेल तर हेल्पलाइनची वाट न बघता तिसऱ्या पायरीवर जा. फोनवरची व्यक्ती तुमच्या घरी पोचू शकत नाही.

५. कोणतं दार कोणासाठी

इथली गल्लत पाट्यांमुळे होते, म्हणून सोप्या शब्दांत.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेले डॉक्टर. निदान आणि औषधं यांच्याकडे. आत्महत्येचे विचार, आवाज ऐकू येणं, न झोपता प्रचंड उत्साह, खाणं सुटणं, व्यसन: आधी यांच्याकडे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसिक चाचण्या आणि थेरपी करतात, औषधं देत नाहीत. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते आणि नोंदणी क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. क्रमांक विचारल्यावर कोणी रागावलं तर तेच पुरेसं उत्तर समजा.

समुपदेशक ही पाटी सगळ्यात जास्त दिसते आणि तिच्यामागे काय शिक्षण आहे हे सगळ्यात कमी वेळा विचारलं जातं. मानसशास्त्रात एमए आणि देखरेखीखाली काम केलेले उत्तम समुपदेशक आहेत. चार दिवसांच्या कोर्सवर बसलेलेही आहेत. शिक्षण, किशोरवयीन मुलांसोबतचा अनुभव आणि ‘गंभीर वाटलं तर तुम्ही कोणाकडे पाठवता?’ एवढे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याला उत्तर नसेल तर उठा.

पैशांची अडचण असेल, किंवा नसली तरीही, सरकारी दार आधी बघायला हरकत नाही. जिल्हा सामान्य रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. कोणत्या वारी तज्ज्ञ बसतात ते आदल्या दिवशी विचारून घ्या. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि तिथल्या ओपीडीत गेलं म्हणजे दाखल करून घेतात असं मुळीच नाही. १० ते १९ वयोगटासाठी सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांचं ‘मैत्री क्लिनिक’ असतं. त्रास सौम्य असेल आणि ‘मानसोपचार’ या शब्दालाच मूल घाबरत असेल तर सुरुवात तिथून करा.

तुमच्या जवळ यांतलं काहीच नसेल तर नेहमीचे फॅमिली डॉक्टर किंवा बालरोगतज्ज्ञ गाठा. रक्त कमी असणं, थायरॉइड अशा शरीराच्या कारणांची तपासणीही तिथूनच सुरू होते, आणि त्यांच्या चिठ्ठीने पुढची अपॉइंटमेंट पुष्कळदा लवकर मिळते.

*तपासा:* एकाच नावावर थांबू नका. पहिली अपॉइंटमेंट लांबची असली तरी घेऊन ठेवा, रद्द झालेल्या जागेसाठी नाव लावा आणि दरम्यानसाठी सरकारी ओपीडी किंवा १४४१६ वापरा. आरोग्य विमा असेल तर पॉलिसी वाचा: २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांसारखेच धरणं बंधनकारक केलं आहे. मात्र बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच लागू होतात, ओपीडीला नाही.

६. एका पानाची टिपण

डॉक्टरांसमोर पालक बोलायला लागतात आणि गोष्ट पहिलीतल्या बक्षिसापासून सुरू होते. वीस मिनिटांतली बारा त्यातच जातात. आधीच एक पान लिहा, एकच:

बदल कधीपासून दिसला, महिना-वार शक्य तितका नेमका. त्याच सुमारास काय घडलं: शाळा बदलली, कोणी गेलं, प्रेमभंग, मार्क, ऑनलाइन छळ, आईबाबांमधला तणाव. झोपेच्या वेळा, भूक, वजन. शाळेतल्या गैरहजेरीचे दिवस. इजेच्या खुणा किंवा मरणाबद्दलचं बोलणं, तारखेसह. आधीचे आजार आणि औषधं, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीचीही. व्यसनाची शंका. कुटुंबात कोणाला मानसिक आजार होता का, कोणी आत्महत्या केली होती का.

शेवटचा मुद्दा घरं लपवतात. सासरचे ऐकतील, लग्नात अडचण येईल अशी कारणं असतात. पण निदान आणि धोका यांचा अंदाज बांधायला डॉक्टरांना तो लागतोच. नातेवाइकांना खोलीबाहेर बसवा आणि सांगा.

मुलाचा फोन चोरून वाचून त्याचे स्क्रीनशॉट फाइलला लावू नका. जिवाचा धोका असेल तर फोन बघणं समर्थनीय आहे, पण ते मुलाला सांगून. एकदा चोरून वाचल्याचं कळलं की पुढची सहा महिन्यांची थेरपी त्या एकाच गोष्टीवर अडते.

आणि ही टिपण मुलाला दाखवा. ‘यात काही चुकलंय का? तुला काय लिहायचंय?’ त्याने एक ओळ जोडली तरी ती तुमच्या पूर्ण पानापेक्षा जास्त सांगून जाऊ शकते.

७. मूल यायला तयार नसेल तर

फसवून नेऊ नका. ‘डोळे तपासायला जातोय’ सांगून मानसोपचारतज्ज्ञांच्या दारात उभं केलेलं मूल आत तोंड उघडत नाही. खरं सांगा आणि मर्यादा घाला: ‘दोनदा जाऊ. दोन भेटींनंतर ती व्यक्ती आवडली नाही तर दुसरी शोधू.’ डॉक्टर बाई हव्यात की पुरुष, आत एकटं बोलायचं की आईसोबत, हे त्याला निवडू द्या. मूल तरीही आलं नाही तर पालकांनी एकट्याने पहिली भेट घ्यावी. कसं वागायचं, कशावर लक्ष ठेवायचं हे त्यातून कळतं. धोका ‘आत्ताच’चा असेल तेव्हा मात्र परवानगीची वाट बघायची नाही.

८. पहिली भेट

भेटीचा काही भाग मुलाने डॉक्टरांसोबत एकट्याने घालवला पाहिजे. डॉक्टरांनी तसं सुचवलं नाही तर तुम्ही सुचवा. बाहेर बसलेल्या पालकांची घालमेल समजण्यासारखी आहे, पण बाहेर आल्या आल्या ‘काय विचारलं? आमच्याबद्दल काय सांगितलंस?’ हे टाळा. गोपनीयतेची हद्द कुठे आहे हे मुलासमोरच ठरवून घ्या: जिवाला धोका किंवा अत्याचार असेल तर पालकांना कळेल, बाकीचं मुलाचं राहील.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळतं त्याने ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं पॉक्सो कायदा २०१२ नुसार बंधनकारक आहे. डॉक्टर, शिक्षक, समुपदेशक सगळेच यात आले. अठराखालच्या मुलामुलींचे आपखुशीचे शारीरिक संबंधही या कायद्याच्या कक्षेत येतात. त्यामुळे ‘फक्त तुम्हालाच सांगतोय, कुठे लिहू नका’ ही विनंती तज्ज्ञ मान्य करू शकत नाहीत. त्यात त्यांचा आडमुठेपणा नाही.

निघण्याआधी हे विचारून लिहून घ्या: तुम्हाला सध्या काय वाटतं आहे? औषध कशासाठी, किती दिवसांनी फरक दिसेल, कोणता त्रास झाला तर लगेच फोन करायचा? रात्री काही झालं तर कोणाला गाठायचं? पुढची तारीख?

औषधांबद्दल दोन चुका वारंवार होतात. पहिली, आठवड्यात फरक नाही म्हणून बंद करणं. नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. दुसरी, बरं वाटलं म्हणून बंद करणं. ही औषधं एकदम सोडली की त्रास उलटतो, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची असतात.

*सावध:* किशोरवयीन आणि तरुण मुलांमध्ये नैराश्याचं औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचार वाढण्याची शक्यता असते. औषध टाळण्याचं हे कारण नाही, जवळून लक्ष ठेवण्याचं आहे. गोळ्या पालकांच्या ताब्यात, रोजची रोज हातात, आणि घरात एका वेळी थोडाच साठा.

९. दाखल करायला सांगितलं तर

घाबरून नकार देण्याआधी मुलाचे हक्क जाणून घ्या. २०१७ च्या कायद्यानुसार अल्पवयीन मुलाला दाखल करण्यासाठी पालकांचा अर्ज लागतो आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणं आवश्यक असतं. त्यांपैकी एक तरी मानसोपचारतज्ज्ञ हवा. मुलाला प्रौढ रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं. पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती पूर्ण वेळ सोबत राहते. मुलगी असेल आणि सोबतची व्यक्ती पुरुष असेल तर महिला सोबतीण नेमावी लागते. दाखल केल्याची माहिती ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यावी लागते. ‘तुम्ही बाहेर थांबा, मुलाला भेटता येणार नाही’ असं कोणी म्हटलं तर ते नियमाला धरून नाही.

डिस्चार्जच्या कागदावर निदान, औषधं, मात्रा आणि पुढची तारीख नीट वाचता येईल अशी लिहून घ्या. पुढची भेट एका आठवड्याच्या आत हवी. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे जोखमीचे असतात, आणि नेमकं तेव्हाच घर सुटकेचा श्वास सोडून नेहमीच्या कामाला लागतं.

१०. घरचा सुरक्षा आराखडा

हा तज्ज्ञांसोबत बसून मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहायचा असतो. त्रास वाढत चालल्याची माझी लक्षणं काय. तेव्हा मी एकट्याने काय करू शकते. कोणाकडे, कुठे गेल्यावर लक्ष दुसरीकडे जातं. कोणाकडे उघड मदत मागता येईल. कोणते तज्ज्ञ आणि हेल्पलाइन. घर सुरक्षित ठेवायला काय हलवायचं. सहा प्रश्न, एक कागद, त्याचा फोटो मुलाच्या आणि पालकांच्या फोनमध्ये. पालकांनी लिहिलेला आराखडा वापरात येत नाही; ‘देवाचं नाव घेईन, सकारात्मक विचार करीन’ अशी वाक्यं दिसली की समजावं, मुलाने मोठ्यांना बरं वाटावं म्हणून लिहिलंय.

शाळेला किती सांगायचं? वर्गशिक्षक किंवा समुपदेशक, एकाच व्यक्तीला, आणि काय हवंय ते नेमकं: गैरहजेरीची मुभा, वर्गाबाहेर जाऊन बसायची परवानगी, छळ करणाऱ्या मुलांवर लक्ष. निदान सांगायची सक्ती नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. कोचिंग क्लासही यात येतात. ‘आमच्याकडे तसं काही नसतं’ असं उत्तर आलं तर लेखी विचारा.

धाकट्या भावंडांना अंधारात ठेवू नका. ती आवाज ऐकतात, दार बंद झालेलं बघतात आणि दोष स्वतःवर घेतात. ‘दादाला बरं नाहीये, डॉक्टर मदत करतायत, तुझ्यामुळे झालेलं नाही’ एवढं पुरतं.

तुम्ही स्वतः अठराच्या आतले असाल तर

१४४१६ आणि १०९८ ला फोन करायला आईबाबांची परवानगी लागत नाही. बोलायला सुरुवात कशी करायची कळत नसेल तर हे वाचून दाखवा: ‘मी पंधरा वर्षांची आहे. मला मरावंसं वाटतंय आणि घरी सांगता येत नाहीये.’ पुढचे प्रश्न समोरची व्यक्ती विचारेल. घरी बोलणं अशक्य वाटत असेल तर मोठ्यांपैकी एकच माणूस निवडा, शिक्षिका, आत्या, मित्राची आई, आणि मेसेज करा: ‘मला तुमच्याशी आजच बोलायचंय, महत्त्वाचं आहे.’ त्या व्यक्तीने हसून टाळलं तर चूक तिची. दुसऱ्या माणसाला सांगा.

मित्राने ‘कोणाला सांगू नकोस’ म्हणून जीव द्यायचं बोलून दाखवलं असेल, तर ते गुपित ठेवायचं नसतं. तो चिडेल, कदाचित काही महिने बोलणार नाही. तरीही त्याच दिवशी एका मोठ्या माणसाला सांगा, आणि तो एकटा असेल तर ११२.

थेरपी चालू आहे, पण फरक नाही

सहा-आठ भेटींनंतर तज्ज्ञांनाच विचारा: ‘आपण कशावर काम करतोय, आणि फरक पडतोय हे कशावरून कळेल?’ ठोस उत्तर मिळालं तर त्यांच्याकडेच सुरू ठेवा, नाही मिळालं तर तज्ज्ञ बदला. बदलताना जुने कागद मागून घ्या. आपल्या नोंदींची प्रत मागणं हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. नवीन तज्ज्ञांची पहिली तारीख हातात येईपर्यंत जुन्यांची भेट रद्द करू नका, आणि चालू औषध मध्ये तुटणार नाही एवढं प्रिस्क्रिप्शन आधीच घेऊन ठेवा.